लाल चर्ट, राखाडी मडस्टोन: बेळगावच्या उद्यमबागेतल्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

पुतणी सुट्टी संपवून परवा जपानला परत गेली आणि जाताना आमच्या फाउंड्रीच्या टेस्टिंग लॅबच्या टेबलावर एक डबा ठेवून गेली. आत काचेच्या तीन कुप्या, प्रत्येकीच्या तळाला चिमूटभर करडी रेती. शिवाय झिपलॉक पिशव्यांत चर्टचे (समुद्रतळावर तयार झालेल्या कडक दगडाचे) कापून उरलेले तुकडे, बरेचसे विटकरी लाल, एकदोन हिरवट, आणि एका पिशवीत काळपट तपकिरी, हातात घेतल्यावर जड लागणारा दगडाचा गोळा. नमुना कुठला, परवानगी कुणाची, सगळे कागद जोडलेले. माल सगळा इनुयामाचा, मध्य जपानात किसो नदीच्या काठचा, मिनो पट्टा म्हणतात त्यातला.

काम दोन प्रकारचं. एक, कुप्यांतल्या रेतीतनं जीवाश्म एकेक वेचून काढायचे, तिच्याकडे अशा कुप्यांची रांग लागलीय आणि आमच्याकडे मायक्रोस्कोप आहेत, कास्टिंगची सँपलं बघून बघून नजर पण तयार आहे. दोन, वहिनींच्या शाळेसाठी (खानापूर तालुक्यात, मराठी शाळा) एक पेटी करायची, पॉलिश केलेले दगड, थोड्या स्लाइडा आणि मराठीत एक बोर्ड. समुद्राच्या तळाचे दगड डोंगरात कसे येतात आणि त्यांचं वय कसं काढतात, एवढंच पोरांना कळायला पाहिजे. दिवाळीच्या आधी द्यायचं कबूल केलंय.

नोंदी मीच ठेवणार. फाउंड्रीच्या टेस्टिंगमधला माणूस, हीट नंबर (धातूच्या प्रत्येक वितळणीचा नोंद क्रमांक) घातल्याशिवाय आमच्यात भाकरी पण भाजत नाहीत.

९ जून

आधी विषय डोक्यात बसवून घेतला, तिनं पाठवलेलं वाचून आणि फोनवर तिचं डोकं खाऊन.

समुद्राचा तळ एका जागी बसलेला नसतो. महासागराच्या मधल्या डोंगररांगेत बेसाल्ट वर येतो, नवा तळ तयार होतो आणि वर्षाला काही सेंटिमीटर अशा वेगानं बाजूला सरकत राहतो, आणि सरकता सरकता त्याच्यावर जे काय पडेल ते साचत जातं. किनारा हजारो किलोमीटर लांब आहे तोवर नदीचा गाळ तिथं पोचतच नाही, पडतात ती वरच्या पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांची कवचं. त्यातली चुन्याची कवचं साधारण चार-पाच किलोमीटर खोलीच्या खाली विरघळून जातात, राहतात ती सिलिकाची, म्हणजे मुख्यतः रेडिओलॅरियाची. एका पेशीचा जीव, आकार मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढा, पण सांगाडा जाळीदार आणि प्रत्येक जातीचा वेगळा. हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं १८८७ मध्ये चॅलेंजर जहाजाच्या मोहिमेवरच्या अहवालात यांच्या ३,५०० च्या वर नव्या जाती चितारल्यात, तेवढ्यावरनं कळतं यांच्यात किती प्रकार असतील. हा सिलिकाचा चिखल कोट्यवधी वर्षं दबून दबून त्याचा चर्ट होतो.

पुढं प्लेट, म्हणजे हा सरकणारा तळ, खंडाजवळ यायला लागली की बारीक गाळ मिसळतो, तो सिलिशस मडस्टोन, सिलिका मिसळलेला चिखलाचा दगड. अगदी खंदकात (खंडाच्या कडेच्या खोल समुद्री चरात) पोचली की वाळू आणि चिखलाचे थरावर थर. म्हणजे खालून वर बेसाल्ट, चर्ट, सिलिशस मडस्टोन, वाळूखडक, हा क्रम बघितला की त्या तळाचा जन्मापासून खंदकापर्यंतचा सगळा प्रवास हातात येतो. ओशन प्लेट स्ट्रॅटिग्राफी म्हणतात याला.

खंदकात प्लेट खंडाखाली घुसते आणि वरचा थर खंडाच्या कडेला खरवडला जातो, कढईच्या तळाला लागलेला कुंदा उलथन्यानं खरवडावा तसा. आणि गंमत म्हणजे नवा खरवडलेला तुकडा जुन्याच्या वर नाही, खाली ढकलला जातो. त्यामुळं एकेका चकतीच्या आत नेहमीसारखं खाली जुनं वर नवं, पण अख्ख्या ढिगात वरच्या चकत्या जुन्या आणि खालच्या नव्या. वर घड्या, फॉल्ट, आणि कुठं कुठं सगळं चुरडून मिसळलेलं मेलांज. हा सगळा ढीग म्हणजे अ‍ॅक्रिशनरी कॉम्प्लेक्स. मराठीत काहीतरी जडजंबाल शब्द करता येईल, पण बोर्डवर हाच ठेवणार.

अशा ढिगात कुठला थर कुणाच्या वर आहे हे बघून वय सांगायला गेलं की फसलंच. म्हणून मायक्रोफॉसिल, म्हणजे मायक्रोस्कोपखालचे जीवाश्म, कुठली जात कुठल्या काळातली हे ठाऊक असतं.

१६ जून

चर्ट पॉलिशला घेतला. चर्ट म्हणजे बारीक दाण्याचं क्वार्ट्झ, कडकपणा ७, आमच्या कास्ट आयर्नच्या सवयीनं हात चालवला तर एमरी पेपर बघता बघता गुळगुळीत होतो आणि दगड तिथंच. डायमंड व्हीलवर कापून २२० पासून १००० पर्यंत चढत गेलो, शेवटी डायमंड पेस्ट, आधी ६ मायक्रॉन मग १. पाणी भरपूर सोडायचं आणि मास्क लावायचा, सिलिकाची धूळ फाउंड्रीवाल्यांना नव्यानं सांगायला नको.

लाल तुकडा पाण्यानं ओला करून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरला. लाल पार्श्वभूमीवर फिकट, अर्धपारदर्शक ठिपके, दाटीवाटीनं. बहुतेक गोल, काही लांबट. लाल रंग हेमटाइटचा (लोखंडाचं ऑक्साइड), म्हणजे तळाच्या पाण्यात ऑक्सिजन होता. ठिपके म्हणजे रेडिओलॅरिया, पण आतली जाळी क्वार्ट्झनं भरून गेलेली, त्यामुळं नुसत्या पॉलिशवर "आहेत" एवढंच सांगता येतं, "कोण आहेत" ते नाही. वय सांगायला कोण ते पाहिजे.

लॅबमधला पोरगा (गोकाकचा) बघून म्हणाला, "सर, नोड्युलर आयर्नसारखंच दिसतंय की." खरंच दिसतं, ग्रॅफाइटचे गोळे उलट्या रंगात.

तुकड्यात चर्टचा एक थर आहे आणि वर शेलचा (चिकणमातीच्या दगडाचा) पातळ पापुद्रा, दोन्ही मिळून जेमतेम तीन सेंटिमीटर. इनुयामाच्या मध्य ट्रायासिक (सुमारे २४ कोटी वर्षांमागच्या) चर्टमध्ये अशी एक जोडी सरासरी २० हजार वर्षांची धरतात, पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्याशी तिचा मेळ बसवलाय. हिशेब केला तर हजार वर्षांत दीडेक मिलिमीटर. हा तुकडा पेटीत पहिला.

२३ जून

अ‍ॅसिडचा विषय एकदाच लिहून टाकतो, शाळेतनं कुणीतरी विचारणारच.

चर्टमधनं रेडिओलॅरिया अख्खे बाहेर काढायचे तर हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लागतं. दुमित्रिका यांनी १९७० मध्ये आणि पेसान्यो-न्यूपोर्ट यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली आणि तिथनं सगळं बदललं. चर्टचे बारीक तुकडे करून साधारण ५ टक्क्याच्या अ‍ॅसिडमध्ये दिवसभर ठेवतात, वरनं निघालेली रेती बारीक चाळणीत धरतात, तुकडे परत अ‍ॅसिडमध्ये. यातलं मला आवडलेलं म्हणजे सांगाडा पण सिलिका आणि भोवतीचा दगड पण सिलिका, तरी दोघांच्या दाण्यात आणि मळात फरक असल्यानं भोवतीचं थोडं आधी खाल्लं जातं आणि सांगाडा उठून येतो. आमचं नायटलनं (अल्कोहोलमधल्या नायट्रिकनं) एचिंग करायचं तत्त्वच. फक्त वेळ जास्त झाला की सांगाडाही गेला.

हे इथं करणार नाही. पोरगा म्हणाला, "आपल्याकडं स्टेनलेसची पिकलिंग पेस्ट हाय की सर, तीत पण तेच अ‍ॅसिड असतंय." असतंय, म्हणूनच ती कुलपात असते. ते अ‍ॅसिड लागलं तर पातळ असताना लगेच दुखत पण नाही, कातडीतनं आत जातं, शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि जास्त भाग भाजला तर हृदयापर्यंत जातं. फ्यूम हूड, प्लॅस्टिकची भांडी, जाड हातमोजे आणि शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल नसेल तर नावच काढायचं नाही. काचेचं भांडं तर तेच खाऊन टाकतं. कुप्यांतली रेती तिनं तिकडच्या लॅबमध्ये काढून, धुवून, वाळवून दिलीय.

पण तो काळपट गोळा आपल्या हातचा आहे. मँगनीज कार्बोनेटची गाठ ती, सिलिशस मडस्टोनच्या थरातली. गाळ अजून मऊ असतानाच ती तयार होते, त्यामुळं आतले सांगाडे चिरडत नाहीत. आणि कार्बोनेट असल्यानं साधं हायड्रोक्लोरिक पुरतं.

३० जून

गाठ फोडून निम्मी ठेवली, निम्मी बीकरमध्ये पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये टाकली. थंड अ‍ॅसिडमध्ये चुनखडकासारखी फसफसत नाही, अगदी सावकाश, कडेनं बारीक बुडबुडे. कोमट केल्यावर चाल धरली. तळाला गडद गाळ, वर पिवळट पाणी. जुनं अ‍ॅसिड ओतून नवं घालायचं, ओतताना चाळणी खाली धरायची, ६३ मायक्रॉनची. चाळणी वापरायच्या आधी अल्ट्रासोनिकमध्ये धुतली, ती आपल्याकडं मोल्डिंग सँडला वापरतात त्यातली आहे आणि दुसरीकडचा एक दाणा जरी आला तरी वय बिघडतं.

बाहेर पाऊस असा लागलाय की उद्यमबागेचा रस्ता दिसत नाही.

७ जुलै

वेचणी सुरू. तीन नंबर शून्याचा ब्रश, टोक ओठांनी ओलं करायची सवय असेल तर सोडून द्यायची, पाण्यात बुडवायचं. काळ्या ट्रेवर रेती एकेरी पसरायची, ट्रेला चौकोन आखलेले, डावीकडनं उजवीकडं ओळीनं जायचं. दाणा दिसला की ब्रशचं ओलं टोक नुसतं टेकवायचं, चिकटून येतो, मग डिंक लावलेल्या स्लाइडवर ठरलेल्या खणात सोडायचा. फॅन बंद. दार बंद. मोबाइल लांब. कोण शिंकलं तर एका खणातले गेलेच म्हणून समजायचं. एका दाण्याला नुसता श्वास जोरात लागला तरी तो उडतो, आणि ०.१५ मिलिमीटरची वस्तू फरशीवर कोण शोधणार.

पोरग्याचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला. त्याची आई गोकाकला माणकं-मणी ओवायचं काम करायची म्हणे, असेल त्याचं काहीतरी.

लाल चर्टच्या कुपीतलं निम्म्याहून जास्त ओळखण्यापलीकडचं आहे. गोल गोळे, जाळी बुजलेली. चर्टचं हे नेहमीचंच, दिसायला सगळ्यात देखणा आणि आतनं सगळ्यात बिघडलेला.

१४ जुलै

व्हिडिओ कॉल. तिकडं आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, त्यामुळं माझा संध्याकाळचा चहा आणि तिची रात्र. मायक्रोस्कोपचा कॅमेरा लॅपटॉपला जोडून एकेक खण दाखवला.

"काका, तो डावीकडचा फिरवा की जरा." फिरवला. एकावर एक कप्पे, प्रत्येक सांध्याला कड्यासारखी उठलेली रेघ, वर निमुळता. ट्रायासोकॅम्पे. नावातच ट्रायासिक. मग दोन टोकांना दोन जाड काटे असलेला गोळा, स्यूडोस्टायलोस्फेरा. हे दोन एकत्र आले की मध्य ट्रायासिक, म्हणजे ढोबळ २४ कोटी वर्षं.

आणि त्याच कुपीत एक चपटा, दातेरी, तपकिरी तुकडा, रेडिओलॅरिया नव्हेच. कोनोडाँट. ईलसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या तोंडातले दातांसारखे भाग, फॉस्फेटचे, म्हणून अ‍ॅसिडातनं वाचतात. हा प्राणी ट्रायासिकच्या शेवटी, २० कोटी वर्षांमागं संपला. म्हणजे चर्टमध्ये कोनोडाँट जागचा असेल तर तो थर ज्युरासिकचा (ट्रायासिकनंतरच्या काळाचा) असूच शकत नाही, एका तुकड्यात वरची हद्द पक्की. दोन वेगळे साक्षीदार एकच सांगतायत, हे बरं वाटलं.

२१ जुलै

गाठीतली रेती आज वाळली. झाकण काढून पहिला चौकोन बघितला आणि पोरग्याला हाक मारली.

चर्टमधले आणि हे, तुलनाच नाही. जाळीची भोकं न् भोकं मोकळी. एक आहे तो मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता, अंगावर उभ्या कडा आणि कडांवर बारीक काटे, प्रकाश आडवा टाकला की प्रत्येक काट्याची सावली पडते. हा उनुमा एकिनेटस. इनुयामाजवळच्या उनुमा गावावरनंच या वंशाचं नाव ठेवलंय, इचिकावा आणि याओ यांनी १९७६ मध्ये. दुसरा छोटा, शेवटचा कप्पा टम्म, त्याच्यावर उभ्या बारीक रेघा, जुन्या याद्यांत ट्रायकोलोकॅप्सा प्लिकारम, आता त्याला स्ट्रायाटोजापोनोकॅप्सा म्हणतात, शाळेच्या बोर्डवर हे नाव लिहायची हिंमत नाही. दोन्ही मध्य ज्युरासिक. साधारण १७ कोटी.

म्हणजे लाल चर्ट २४ आणि हा राखाडी मडस्टोन १७, मध्ये ७ कोटी वर्षं. आणि तिकडं नदीकाठाला दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. वर्षाला ५ सेंटिमीटर वेग धरला तर ७ कोटी वर्षांत तळ ३,५०० किलोमीटर सरकला असणार. चर्टमधल्या चुंबकीय मोजणीतनं पण तो विषुववृत्ताजवळ साचला असंच निघालंय.

२८ जुलै

आज वेचणी नाही, इतिहास. बोर्डसाठी लागणार आहे, आणि मला स्वतःला यातच सगळ्यात जास्त रस आलाय.

जपानमधले हे पट्टे बरीच वर्षं कार्बोनिफेरस-पर्मियनचे (ट्रायासिकच्याही आधीच्या काळांचे) मानले जात होते. कारण साधं, चुनखडकात फ्युझुलिनिड सापडायचे, गव्हाच्या दाण्याएवढे फोरॅमिनिफेरा (चुन्याच्या कवचाचे एकपेशी जीव), नुसत्या डोळ्यांनी दिसणारे, आणि ते त्याच काळातले. ओगाकीजवळचा अकासाका चुनखडक घ्या, पर्मियनचा, याच मिनो पट्ट्यात. चुनखडकाचं वय पर्मियन हे बरोबरच आहे. पण तो चुनखडक समुद्रातल्या बुडालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर साचला, माथा उंच असल्यानं चुना विरघळला नाही, आणि मग तो डोंगर प्लेटवर बसून येत येत कोट्यवधी वर्षांनी खंदकात येऊन ढिगात अडकला. ढिगाचं वय त्याच्यावरनं सांगता येत नाही, तो कुठनं आला एवढंच तो सांगतो.

सत्तरच्या दशकात चर्टमधनं ट्रायासिकचे कोनोडाँट निघायला लागले आणि गोंधळ सुरू झाला. मग अ‍ॅसिडची पद्धत आली आणि मडस्टोनमधनं ज्युरासिक रेडिओलॅरिया. याओ, मात्सुदा आणि इसोझाकी यांनी १९८० मध्ये याच इनुयामातले ट्रायासिक आणि ज्युरासिक रेडिओलॅरिया छापले. नदीकाठाला चर्ट, वाळूखडक, परत चर्ट, परत वाळूखडक असं दिसतं, आधी तो एकच जाडजूड ढीग वाटायचा. थराथरातनं वय काढल्यावर कळलं की तोच क्रम पुन्हा पुन्हा येतोय, एकच पट्टी कापून एकीवर एक सरकवलेली. पुढच्या काही वर्षांत जपानच्या भूशास्त्रीय नकाशाचा बराच भाग नव्यानं रंगवावा लागला. रेडिओलॅरियन क्रांती म्हणतात त्याला, आणि शब्द मोठा असला तरी जास्त नाही.

मला यातनं कळलेली गोष्ट ही, की ढीग कधी लागला हे देखणा लाल चर्ट सांगत नाही आणि मोठे फॉसिल असलेला चुनखडक तर नाहीच. ते सांगतो सगळ्यात शेवटी साचलेला, खंदकाजवळचा, राखाडी, कुणी उचलून खिशात घालणार नाही असा मडस्टोन. खरवडलं जायच्या आधी त्या तळावर पडलेली शेवटची गोष्ट ती.

११ ऑगस्ट

काल खानापूरला शाळेत. वहिनींनी पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं की काका दगडवाले येणार, तर पोरांनी घरनं दगड आणलेले. पिशव्याच्या पिशव्या. बहुतेक गारगोट्या, नदीतल्या आणि शेतातल्या, आणि एकाकडे तांबडा जास्परसारखा सुंदर तुकडा, "हा पण समुद्रातला काय काका?"

नाही. आपल्याकडचा वरचा काळा दगड म्हणजे डेक्कन ट्रॅप, साधारण ६.६ कोटी वर्षांमागं जमिनीवर वाहिलेला लाव्हा. त्याच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर पाण्यातनं सिलिका बसली, त्या गारगोट्या. सिलिका तीच, पण कुठल्याही जिवाचा हात नाही. पोराचा तुकडा आणि आमचा चर्ट शेजारी शेजारी मायक्रोस्कोपखाली ठेवला. एकात कडेला समांतर पट्टे, ठिपके नाहीत. दुसऱ्यात ठिपकेच ठिपके. रांग लावून सगळ्यांनी बघितलं.

मग एक मुलगी म्हणाली गोकाकच्या धबधब्याचा दगड तर ट्रॅप नाही, तो किती जुना? हुशार. तो कलादगी गटातला वाळूखडक आणि क्वार्टझाइट, ट्रॅपच्या कितीतरी आधीचा, प्रोटेरोझोइक. त्या गटात चर्ट पण आहे. पण रेडिओलॅरिया कँब्रियनपासून, म्हणजे ५४ कोटी वर्षांच्या अलीकडे सापडतात, कलादगी त्याच्याही आधीचा. त्या चर्टला कितीही अ‍ॅसिड पाजा, हे निघणार नाहीत.

"मग भारतात कुठंच नाही?" आहे की. अंदमान म्हणजे असाच खरवडलेल्या ढिगाचा पाण्याबाहेर आलेला माथा आहे, भारतीय प्लेट तिथं पूर्वेला खाली घुसते. नागालँड-मणिपूरच्या डोंगरात समुद्रतळाचे तुकडे आहेत, त्यातल्या चर्टमधनं रेडिओलॅरिया काढलेत. लडाखला सिंधूच्या पट्ट्यात निदरजवळ पूर्व क्रिटेशियसचे (ज्युरासिकच्या पुढच्या काळातले) मिळालेत.

जेवण वहिनींकडे. डाळीची आमटी आणि तांदळाची भाकरी, पावसात तेवढंच पाहिजे.

२५ ऑगस्ट

तिसरी कुपी, मेलांजच्या मॅट्रिक्सची, म्हणजे चुरडलेल्या काळ्या चिखलाची. यात डोकं चाललं.

वेचलेल्यांत बहुतेक मध्य ज्युरासिक. पण अधनंमधनं मोडके ट्रायासोकॅम्पे पण. एकाच चिखलात ७ कोटी वर्षांच्या अंतराचे दोन गट. पोरगा म्हणाला सरासरी काढायची काय? टेन्साइलची तीन सँपलं तोडून सरासरी काढतो तसं. इथं सरासरी म्हणजे शुद्ध मूर्खपणा, २० कोटीचा कुठलाच चिखल तिथं नव्हता.

पुतणीनं सांगितलं ते असं: आधी बघा नमुन्यात चर्टचा खडा आलाय का. मेलांजमध्ये चर्टचे ढेकूळ चिखलात तरंगत असतात, पार मिलिमीटरचे पण. आला असेल तर जुने त्यातले. नसेल तर जुने चर्ट झिजून त्यातनं सुटलेले सांगाडे चिखलात वाहत आले, रीवर्कड. दोन्ही प्रकारे जुन्यांना मत नाही. सगळ्यात तरुण गट जो असेल तो चिखलाच्या वयाची हद्द ठरवतो, चिखल त्याच्यापेक्षा जुना असू शकत नाही. जुने किती का असेनात, संख्येवर निकाल नाही.

मी म्हणलं मग तरुण दाणे बाहेरनं आलेले असले तर? तोच खरा धोका, ती म्हणाली, म्हणून एकट्यादुकट्या दाण्यावर कुणी वय लिहीत नाही, एकत्र नांदणारे चार-सहा प्रकार जुळले पाहिजेत आणि जपणूक सारखी पाहिजे. आमच्याकडे ट्रायासोकॅम्पे झिजलेले, आतनं भरलेले, आणि ज्युरासिकवाले त्या मानानं स्वच्छ. स्लाइडवर दोन वेगळ्या ओळी केल्या.

आता वाळूखडकातल्या झिरकॉनचं (एक टणक खनिज) युरेनियम-लेड वय पण काढतात, तिथंही नियम हाच, सगळ्यात तरुण झिरकॉन म्हणजे वाळू त्याच्यापेक्षा जुनी नाही. पण चर्टमध्ये झिरकॉन शोधणार कुठं, किनाऱ्यापासून इतक्या लांब वाळू गेलेलीच नसते. तिथं रेडिओलॅरियाला पर्याय नाही.

८ सप्टेंबर

गणपती. लॅब बंद, पोरगा गावाला, आमच्या गल्लीत देखाव्याचं काम. विसर्जनापर्यंत काही नाही.

२९ सप्टेंबर

धारवाडला एसईएम, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. निवडक दाणे कार्बनच्या चिकटपट्टीवर लावून नेले होते, वर सोन्याचा पातळ थर, नाहीतर सिलिकावर इलेक्ट्रॉन साचून चित्र पांढरं फटक पडतं. एका स्टबवर (नमुने चिकटवायच्या चकतीवर) कडेचा थर नीट बसला नव्हता, तिथले तीन दाणे पांढरेच आले, बाकी उत्तम.

पडद्यावर उनुमा आला तेव्हा मशीनवरचे सर पण खुर्ची ओढून बसले. ते रोज पॉलिमर आणि पावडरी बघतात. त्यांनी विचारलं, "ह्याला भोकं कुणी पाडली?" भोकांची मांडणी दोन उभ्या कडांच्या मध्ये ओळीनं, प्रत्येक ओळ सरळ, आणि कडेवरचा काटा मुळाशी जाड. ऑप्टिकलमध्ये हे अंदाजानं दिसत होतं, इथं मोजता येतं. चर्टमधल्या ट्रायासोकॅम्पेचे फोटो त्यापुढं गरीब वाटले, पण सांध्यावरची कडी स्पष्ट आली आणि ओळखीला तेवढं पुरतं.

फोटो पुतणीला पाठवले. उत्तर: "काका भारी!! स्केल बार राहिलाय दोन फोटोंत." फाइलीत होता, परत काढून पाठवला.

६ ऑक्टोबर

बोर्डचा मजकूर. यावर वहिनींशी जोरदार चर्चा.

वहिनी: "भावजी, एक आकडा लिहा की सरळ. पोरं विचारतात डोंगर किती जुना, तर आम्ही काय सांगायचं? तुमच्या बोर्डवर तीन-तीन आकडे."

मी म्हणलं तीनच राहणार. एक आकडा लिहिला तर तो कुणाचा? चर्टचा लिहिला तर डोंगर २४ कोटींचा होतो, तेव्हा ते सगळं अजून महासागराच्या मध्यात होतं, तिथं डोंगर नव्हताच. चुनखडकाचा लिहिला तर त्याहून मागं, जुन्या नकाशांनी तेच केलं होतं. वहिनी काय लगेच ऐकणाऱ्यातल्या नाहीत, तीस वर्षं शाळेत काढलीत. शेवटी त्यांनीच तोडगा काढला, आकड्यापुढं प्रश्न लिहायचा. तळ साचत कधी होता? खंडाजवळ कधी आला? ढिगात कधी खरवडला गेला? आणि प्रत्येक प्रश्नापुढं तो तुकडा चिकटवायचा, पोरांनी हात लावून बघायचं. हे माझ्या डोक्यात आलं नसतं.

मग असं ठरलं. लाल चर्ट: समुद्राच्या मध्यात, मध्य ट्रायासिक, सुमारे २४ कोटी वर्षं. मँगनीजच्या गाठीचा राखलेला निम्मा, कापून पॉलिश केलेला, सोबत एसईएमचा फोटो: खंडाजवळ, मध्य ज्युरासिक, सुमारे १७ कोटी. तिसऱ्या प्रश्नापुढं आकडा नाही, "मेलांजच्या चिखलातल्या सगळ्यात तरुण गटाच्या नंतर, म्हणजे मध्य ज्युरासिक किंवा त्यानंतर" असं वाक्य. वहिनींना हे वाक्य लांब वाटतंय. राहूदे लांब.

चुनखडकासाठी तुकडा नाही, फोटोवर भागवलं. पर्मियन-ट्रायासिकच्या सीमेवर चर्ट साचायचाच थांबतो आणि काळपट क्लेस्टोन (चिकणमातीचा दगड) येतो, २५.२ कोटी वर्षांमागच्या त्या मोठ्या संहाराचा खोल समुद्रातला पुरावा, त्यावर पण एक ओळ घालायची होती. जागा उरली नाही. घालायची तर नीट घालायला पाहिजे, कोपऱ्यात कोंबून नको.

२० ऑक्टोबर

पेटी खानापूरला पोचली, पोरगा बसनं घेऊन गेला, मांडीवर ठेवून. स्लाइडांवर झाकणकाच घट्ट, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते तशी डिंकावर पण धरते. शाळेचा मायक्रोस्कोप ४० पटीचा आहे, रेडिओलॅरिया बघायला तेवढा भरपूर, फक्त प्रकाश वरनं टाकायला एक टॉर्च लागते, ती दिली.

शेजारच्या कन्नड शाळेच्या मास्तरांनी तोच बोर्ड कन्नडमध्ये मागितलाय. मजकूर पोरगा लिहून देतो म्हणाला, गोकाकचाच तो, कन्नड त्याचं माझ्यापेक्षा शंभर पट चांगलं. आकडे आणि जातींची नावं तेवढी मी तपासणार, दिवाळीच्या सुट्टीत.